पायपुसण्याचं शेत

— चपला आतच काढा, बाहेर राहत नाहीत या बिल्डिंगमध्ये. आणि खाली बघत पायपुसणं शोधू नका, पायपुसणं नाही आमच्याकडे. का नाही ते आत्ताच दिसेल तुम्हाला. या. नौपाड्यातून आलात ना, फोनवर म्हणालेलात. स्टेशनवरनं रिक्षा मिळाली? — नाहीच मिळत हो, कल्याणात आधी रिक्षावाला आपल्याला पसंत करतो, मग आपण बसायचं. चहा टाकते नंतर, आधी इकडे या. पंखा लावू नका, या भिंतीकडचा पंखा बंदच असतो, धूळ उडून शेतावर बसते. हं, हेच ते. आधी दिवाण होता इथं, पाहुण्यांना झोपायला. दिवाण गेला आणि हे प्लायवूडवरचं खोटं शेत आलं. लावा हात, लावा हळूच — काय वाटतं? गहू ना? पिकलेला, कापायला आलेला गहू? काथ्या आहे तो. माझं पायपुसणं! एक दिवस सकाळी दूध घ्यायला दार उघडते तर पायपुसणं गायब, मी समोरच्या शिवानीवर संशय घेतला, तिच्याशी धड बोलेना — आणि बघते तर हे इथं मांडी घालून बसलेले, नखं कापायची कात्री घेऊन पायपुसण्याचे केस कापतायत. म्हटलं, हे काय चाललंय? तर मान वर न करता म्हणतात, गव्हाची उंची जास्त होतेय. मग काय, एकामागून एक पायपुसणी गेली या शेतात. तो दुकानदार शेवटी विचारायला लागला, बाई, तुमच्याकडे येतं तरी कोण एवढं? मी म्हटलं, कुणी नाही हो, पायपुसण्यावर पाय पुसायला कुणीच नाही.

ते जाऊ दे. तुम्ही हार्वेस्टर बघायला आलात. जाहिरातीतले फोटो बघितलेत ना, दोन टाकलेत मी, एक हिरवा, एक लाल. तुमचं शेत कसलं म्हणालात — भाताचं? बरोबर, इकडचं म्हणजे भातच. आणि केवढं? डायनिंग टेबलाएवढं. घरच्यांनी जेवायचं कुठं मग? — हसू नका, मी हे सगळं भोगलंय. तर हा बघा हिरवा, उचला, दोन्ही हातांनी उचला, वजन आहे त्याला. आणि हा लाल, तळहाताएवढा. हिरवा तो एकास चौसष्ट, आणि लाल तो एकास बत्तीस! — आणि ही दोन्ही मळणी यंत्रं एकदम चांगल्या कंडिशनमध्ये आहेत! — काय? — हो, हार्वेस्टर. माहितीये मला. आणि उलटं सांगितलं तेही माहितीये, मोठा तो बत्तीस, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढा, आणि बारका तो चौसष्ट. तुम्ही नका हो सांगू. तुम्ही नका ना दुरुस्त करू मला. मी काही चुकीचं बोलले की नुसती मान हलवा. आणि तुम्ही हळू बोला, मी मोठ्यानं बोलेन. — असं काय बघताय? वेडी नाही झालेली अजून.

आत हे आहेत. आमचे हे. पडदा आहे ना, त्याच्या पलीकडे, खाटेवर. झोपलेले नाहीत. पडलेत. दार मी उघडंच ठेवलंय मुद्दाम, इथलं सगळं ऐकू जातं तिथं. तुम्ही चहा पिताना फुंकर मारलीत तर तीही ऐकू जाईल. हा माणूस, सांगते तुम्हाला, बाथरूममध्ये अंगाला साबण लावलेला असायचा आणि मी बाहेर फोनवर कुणाला सांगत असेन की आमच्यांनी तो ट्रॅक्टर घेतलाय अमुक इतक्याला अमुक — की आतून ओरडणार, “ट्रेलर! ट्रॅक्टर नाही, ट्रेलर! आणि एकास बत्तीस!” चूक म्हणून सहन व्हायची नाही. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे ना, सगळी नोकरी टेबलावर वाकून, स्केलपट्टी हातात. एक रेघ इकडची तिकडे झाली तर कालवा दुसऱ्याच्या घरात जातो, असं म्हणायचे. मी भाजीत मीठ जास्त घातलं तर चालायचं, पण ‘मळणी यंत्र’ म्हटलेलं नाही चालायचं. आणि आता बघा — मी एवढं उलटंसुलटं बोलले, मोठ्यानं बोलले, काही आलं का तिकडून? ऐकलंत काही? मला एक शब्द हवाय हो. जास्त नको. ‘अगं, चुकतंय तुझं’ एवढं म्हणाले तरी मी आजचा दिवस सोन्याचा म्हणेन.

बसा, त्या खुर्चीवर बसा, तिचा एक पाय हलतो पण पडत नाही. घाई नाही ना तुम्हाला? निवडायचं म्हणजे वेळ घ्यायचा. ह्यांनी किती घेतला विचारा! तुमच्या नौपाड्यातच, ते गल्लीतलं खेळण्यांचं दुकान नाही का, वरच्या मजल्यावर, जिन्यात छत्र्या टांगलेल्या असतात — माहितीये? तिथून आणलेत दोन्ही. दर शनिवारी जायचे. जेवण झालं की शर्ट इन करून, केसांना पाणी लावून, खिशात स्केलपट्टी घालून निघायचे, जसं काही मुलगी बघायला चाललेत. तिथं जाऊन बघायचे, मोजायचे, पुढची फिरकी बोटानं फिरवून बघायचे — ही हो, ही पुढची, पिकाला आत ओढते ती — आणि हात हलवत परत. मी विचारायचे, आणला? तर म्हणे, बांधावरून वळणार नाही. दुसऱ्या शनिवारी विचारलं, आणला? म्हणे, छान आहे, पण आपल्याकडे एवढं रुंद पातं चालत नाही, आपली वावरं बारकी. हिरवा आणला शेवटी, तो शेताच्या रस्त्यावर मावेना. मग हार्वेस्टर परत करावा की नाही माणसानं? नाही. रस्ता तोडला! पुन्हा सगळं खरवडून रस्ता रुंद केला, आणि मग म्हणाले, आता रस्ता जास्त रुंद वाटतोय. म्हणून लाल आणला. तो शेतात ठेवला तर गहू त्याच्या डोक्याच्या वर! एवढी हसले होते मी — आणि हेही हसले होते, हां, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. ‘हार्वेस्टर हरवला’ म्हणाले.

माणसं? माणसं नाहीत शेतात, बरोबर पाहिलंत. प्रत्येक जण विचारतो. तुमच्या शेतात असतील, भात लावणाऱ्या बायका ओळीनं वाकलेल्या, मिळतात ना त्या तयार, रंगीत लुगड्यांच्या. आणलेल्या मी एकदा, मला काय माहीत, म्हटलं शेत ओकंओकं दिसतंय. ह्यांनी त्या हातात घेतल्या, बघितल्या, आणि परत पिशवीत घातल्या. ओरडले नाहीत. म्हणाले, “माझ्या शेतात कुणी वाकायचं नाही.” आमच्या सासूबाई, रमाबाई, ह्यांची आई — कराडकडचे आम्ही — लोकांच्या गव्हाची सोंगणी करायच्या. सोंगणी म्हणजे कापणी हो, विळ्यानं. आमच्या घराला स्वतःचं वावर नव्हतंच कधी, कुणाच्या नावावर गुंठाभरही नाही. दुसऱ्याचं शेत, दुसऱ्याचा गहू, आणि आमच्या सासूबाईंची कंबर. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्या सरळ उभ्या राहू शकत नव्हत्या. देवळीतला दिवा लावायचा तरी भिंतीला हात लावून लावून वर व्हायच्या. हे लहान असताना त्यांच्यामागून सरी-सरीनं जायचे, पडलेल्या ओंब्या वेचत. तर मी एकदा ह्यांना म्हटलं, अहो, नकाशात पन्नास धरणं काढलीत, एखादी जमीन घ्यायची होती गावाला. तर म्हणाले, घेतली असती, पण कापणीला माणसं लावावी लागली असती, वाकलेली. मग रिटायर झाल्यावर प्लायवूड आणलं. हे बघा — हे एवढंच आमच्या नावावरचं वावर. आणि ह्याच्यात कोणी वाकत नाही, यंत्र कापतं सगळं. म्हणून त्या हार्वेस्टरसाठी एवढा जीव. तो काही खेळणं म्हणून नव्हता. — ती? हो, ती एकच. बांधावर खुर्ची टाकून बसलेली. पाठ बघा तिची, कशी ताठ आहे. ती काही करत नाही. नुसती बसलीय, बघतेय.

आता हे बघा, इथून जवळून बघा — इकडचा गहू उभा आहे आणि इथून पुढे कापलेला, बुडखे दिसतायत? एकेक बुडखा त्यांनी कात्रीनं केलाय. हार्वेस्टर जसजसा पुढे जाईल तसतसं रोज थोडं कापायचे. म्हणजे यंत्र एवढं एवढं पुढे सरकवायचं आणि मागचं कापायचं, खऱ्यासारखं. मी म्हटलं, एकदाच कापून टाका की. म्हणे, एकदाच कापलं तर उद्या काय करू? आणि मग एक दिवस, उन्हाळ्यात, कात्री इथं बांधाला टेकवून ठेवली आणि आत जाऊन पडले. मला वाटलं, उकडतंय, पडले असतील. संध्याकाळी उठवलं, जेवले. दुसऱ्या दिवशीही पडले. तिसऱ्या दिवशी मी कात्री उचलून डब्यात ठेवली. बस. एवढंच झालं. अजून काही नाही झालं.

कारण? तेच तर सगळे विचारतात, काहीतरी झालं असेल ना काकू. सगळ्यांना कारण पाहिजे. माझा भाऊ म्हणतो, रिटायर झाल्यावर असं होतं. अहो, रिटायर झाल्यावर तर हे शेत झालं! विहारात आमच्या ओळखीची बाई आहे, ती म्हणते मुलीनं लांब लग्न केलं म्हणून. प्रीतीचं लग्न होऊन किती वर्षं झाली, हेच नाचलेले वरातीत. कारण असतं ना, तर बरं झालं असतं. कारणाला धरून भांडता येतं, त्याला शिव्या देता येतात. नौपाड्यातच दाखवतो डॉक्टरांना, भला माणूस आहे, गोळ्या देतो, बदलून देतो. म्हणतो, वेळ द्या, पावसाळा जाऊ दे. पावसाळा गेला, गणपती गेले. जेवा म्हटलं की जेवतात. अंघोळीला चला म्हटलं की जातात, साबण लावतात, आतनं एक शब्द नाही. ‘हूं’ म्हणतात. सगळ्याला ‘हूं’. कधी कधी मला वाटतं त्यांना हे सगळं — मी, घर, प्रीतीचा फोन — लांबून ऐकू येत असेल, पाण्याखालून ऐकू यावं तसं. भांडण करून बघितलं. रडून बघितलं. गोड करून बघितलं, पुरणपोळी. हूं.

म्हणून मग जाहिरात टाकली. मीच टाकली, प्रीतीला नाही सांगितलं, ती ओरडली असती. मला फोटो काढता येतात चांगले. आधी ट्रॅक्टर टाकला. डोंबिवलीहून एक गृहस्थ आले, विठ्ठल म्हणून कोणी, त्यांच्या नातवाला हवा होता. मी असंच सगळं मोठ्यानं बोलले, किंमत अगदीच कमी सांगितली, म्हटलं एवढ्या कमी किमतीला तरी आतनं ओरड येईल. ट्रॅक्टर गेला. मग गोठा गेला, गाईंसकट. त्या बाईंनी तर इथंच बसून एकेक गाय कागदात गुंडाळली, किती वेळ बसल्या होत्या, मी मुद्दाम बसवून ठेवलं त्यांना. काही नाही. मग झाडं. आंब्याचं एक झाड होतं, खऱ्या फांद्यांचं केलेलं. — तुम्हाला वाटत असेल, ही बाई नवऱ्याचं घर उकलून विकतेय. विकतेच आहे. काय करू मी? दुसरं काही उरलंच नाही ज्यानं तो माणूस उठून बसेल. एकेक वस्तू काढते शेतातनं आणि दाराकडे कान लावते. वाटतं, या वस्तूला तरी बोलतील. या नाही तर पुढच्या.

तर सांगा, हिरवा की लाल? — काय बघताय तिकडे? ते? ते नाही टाकलेलं मी जाहिरातीत. ते विकायचं नाही. बघा, बघायला काय हरकत आहे, पण हात जपून. ते ह्यांनी केलंय. हिरवा मोठा, लाल बारका, आणि आपल्याकडे पंजाबवाले घेऊन फिरतात ना सुगीत, विनाकेबिनचे, वर नुसतं छप्पर, तसं हार्वेस्टर कुठल्या दुकानात मिळेना. मग म्हणाले, आता मीच करतो. ही फिरकी बघा, या दोन बांगड्या आहेत प्रीतीच्या, लहानपणच्या, आणि मधल्या काड्या खराट्याच्या, तासून तासून बारीक केलेल्या. फिरवा बोटानं. बघा कशी फिरते. ही धान्याची सोंड, दाणे बाहेर टाकते ती, बॉलपेनची. चाकं औषधाच्या बाटल्यांच्या बुचांची, त्यांवर रबर चढवलंय, एकेक रेघ कोरून टायर केलेत. सीटवर कापड आहे माझ्या ब्लाउजचं. एकास बत्तीस, तंतोतंत, कुठंही पट्टी लावा. हाच होता शेतात त्या दिवशी, अर्ध्यावर उभा. हाच अजून तसाच उभा होता, मी आज सकाळी पुसायला उचलला तेवढाच.

— तुम्हाला हाच पाहिजे? — अहो, पण तुमचं शेत भाताचं. आणि तुमची मापं वेगळी, तुम्हीच म्हणालात बारकी आहेत. — हो. हो, समजतंय मला, मापाला बसत नाही तरी पाहिजे. मलाही पाहिलं की असंच वाटतं. नाही हो, नाही देऊ शकत. दुसरं काही मागा. हिरव्याबरोबर लाल तसाच घेऊन जा, काही देऊ नका. — थांबा. थांबा एक मिनिट. ठेवू नका खाली. धरा तसंच हातात.

घ्या ना! — ऐकताय ना, हळू बोला तुम्ही, मला बोलू द्या — घ्या ना, हेच घेऊन जा! काय ठेवलंय त्याच्यात, झाडूच्या काड्या तर आहेत! मुलांना खेळायला होईल! पाण्यात घालू द्या, मातीत घालू द्या, मोडलं तर मोडलं! — नाही हो, तुम्हाला नाही म्हणत, मला माहितीये तुम्ही मोडणार नाही. मान हलवा नुसती. — अहो! ऐकलं का! हे ठाण्याचे आलेत, विनीत, हे तुमचं ते मळणी यंत्र मागतायत! ते बांगड्यांचं! मी देऊन टाकते! देऊ ना? — देऊ ना? — बघा, पहिल्यांदाच विचारलं मी. ट्रॅक्टरला नव्हतं विचारलं. मला वाटलं विचारलं तर ‘हूं’ म्हणतील आणि सगळंच संपेल. — थांबा, गप्प. काही आवाज आला? खाट वाजली ना? वाजली. पाय टेकले खाली. हलू नका तुम्ही, उठूही नका. ते हातात दिसू द्या त्यांना. आता बघा हिसकावून घेतात की नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां, मी माफी मागते आधीच, तुम्हाला चार शब्द बोलतील, ऐकून घ्या, माझ्यासाठी ऐकून घ्या —

— अहो, हे विनीत. —

— काय म्हणालात? —

— हो. — हो, आहे माझ्या लक्षात. — बरं.

गेले. दार लावून घेतलं. ते दार महिनोन्‌महिने लावलं नव्हतं.

ऐकलंत ना तुम्ही? म्हणाले, बुटाचा खोका माळ्यावर आहे, उजव्या हाताला, त्यात कापूस घालून द्या. फिरकी आधी सोडवून घ्या, नाहीतर काड्या मोडतील. एवढं सगळं बोलले. सलग. आवाज कसा बारीक झालाय, नाही? बसलाय न बोलून बोलून. माझ्याकडे बघितलंच नाही. तुमच्याकडेही नाही, त्याच्याकडे बघत होते, तुमच्या हातातल्या. मला वाटलं आता हात पुढे करतील — तुम्हालाही वाटलं ना? वाटलं ना तुम्हाला? — आणि म्हणाले, काड्या मोडतील. ‘देऊ नकोस’ नाही म्हणाले. ‘मळणी यंत्र नाही’ असंही नाही म्हणाले, ते तर मी किती मोठ्यानं म्हटलं होतं. मी एका शब्दासाठी सगळं शेत मोकळं करत आणलं, आणि मिळाले केवढे शब्द, बघा. न बोलते तर बरं होतं हो. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात आपण हवं ते धरून चालू शकतो. वाटतं, आत कुठंतरी जीव अडकलाय याचा, कशात तरी. आता कळलं, कशातच नाही. नीट बांधून द्यायचं, एवढंच राहिलंय.

— नाही, खाली ठेवू नका. परत शेतात ठेवू नका. न्या तुम्ही. तसं नका ना म्हणू, राहू दे काकू, राहू दे काकू — कशाला राहू दे? कुणासाठी? कसं न्यायचं तेही सांगितलंय त्यांनी. धरा, मी स्टूल घेते. — सापडला. उजव्या हाताला, म्हणाले तसाच. धूळ किती. कापूस आधीपासून आहे आत. बघा. कापलेला आहे, त्याच्याच आकाराचा, सोंडेची जागासुद्धा ठेवलीय. — म्हणजे कधी केलं असेल हे? मला नव्हतं हो माहीत, खरंच नव्हतं माहीत. — जाऊ दे. फिरकी सोडवा तुम्ही, मी खोका धरते. आधी इकडचा खिळा. हं. वेगळी गुंडाळा, रुमालात गुंडाळा, हा घ्या. बांगड्या आहेत, वाजतील जरा.

पैसे ठेवा तुमचे. नको म्हटलं ना. याची किंमत मी सांगितलेलीच नव्हती. हिरवा-लाल नको मग? बरं. नका नेऊ. — चहा राहिला. पुन्हा कधी — नाही, पुन्हा कशाला. लिफ्टमध्ये खोका आडवा करू नका. रिक्षा मिळेपर्यंत खाली ठेवू नका कुठं. — असा बघू नकोस रे माझ्याकडे. जा तू. तुझ्या घरी शेतात माणसं असतील तर असू दे, वाकलेली असली तरी असू दे, त्यांना काही होत नाही. जा. आणि दार ओढून घ्या — जोरात नका ओढू, त्यांना आवाज —

ओढा. जोरात ओढा. काही होत नाही.